स्नेहाचे स्थान: चंद्रपूर-गडचिरोलीच्या गद्यातील एका भावाचा इतिहास

१

प्रेम आणि भक्ती या दोन भावांना मराठी साहित्यविचारात स्वतंत्र घर मिळाले आहे. प्रेमकविता किंवा भक्तिकाव्य ही संज्ञा उच्चारताच तिची परंपरा, तिचे संकेत आणि तिचे मानदंड वाचकाच्या मनात उभे राहतात. स्नेहाच्या वाट्याला असे घर आलेले नाही. ‘स्नेहसंमेलन’, ‘स्नेहभोजन’, ‘सस्नेह नमस्कार’ अशा औपचारिक शब्दबंधांत हा शब्द झिजून गेला. ‘माया’, ‘लळा’, ‘जिव्हाळा’, ‘आपुलकी’ ही त्याची देशी रूपे बोलण्यात नांदत असली तरी टीकेच्या परिभाषेत त्यांना प्रवेश नाही. भाव आहे, शब्द आहेत, पण कोटी नाही, अशी ही स्थिती आहे.

ही उणीव केवळ परिभाषेची असती तर तिची फारशी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या भावाला कोटी नसते, तो भाव ज्या संहितांत प्रधान असतो त्या संहिता दुसऱ्याच कोटीत वाचल्या जातात. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेल्या चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यजिल्ह्यांत निर्माण झालेल्या गद्याबाबत असेच घडले आहे. (२६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा सारा प्रदेश चंद्रपूर या एकाच जिल्ह्यात मोडत असे.) साधना आमटे यांची ‘समिधा’, विलास मनोहर यांचे ‘नेगल’, राणी बंग यांची ‘गोईण’, प्रकाश आमटे यांचे ‘प्रकाशवाटा’ ही पुस्तके मराठी वाचकाने मोठ्या आदराने वाचली. हा आदर भक्तीच्या जातीचा होता. या पुस्तकांचा आशय मात्र वेगळ्या भावाभोवती फिरतो. तो भाव कोणता, प्रेम आणि भक्ती यांच्याहून तो कशाने वेगळा ठरतो, आणि त्याला भक्तीत विरघळवून टाकल्याने काय गमावले गेले, हे पाहणे आवश्यक आहे.

२

आरंभ भाषेपासून करणे सोयीचे. मराठीत ‘प्रेम करणे’ आणि ‘भक्ती करणे’ हे प्रयोग सहज होतात. ‘लळा करणे’ किंवा ‘जिव्हाळा करणे’ असे कोणी म्हणत नाही. लळा लागतो, माया जडते, जिव्हाळा वाटतो. ज्याला हा अनुभव येतो तो वाक्यात कर्त्याच्या स्थानी नसतो. ‘त्याला लळा लागला’ अशी रचना होते. प्रेमही ‘बसते’ किंवा ‘जडते’ हे खरे, परंतु प्रेमाला कर्तरी रूपाची मोकळीक आहे. लळ्याला ती नाही. त्याला एकच सकर्मक वाट उपलब्ध आहे, ती ‘लावणे’ या क्रियापदाची. ‘तिने पाडसाला लळा लावला’ या वाक्यात क्रिया तिची आहे, पण त्या क्रियेची सिद्धी पाडसात घडते. पाडस लळा लावून घेत नसेल तर ते वाक्यच खोटे पडते. प्रेम एकतर्फी असू शकते आणि त्यावर उत्तम कविता लिहिल्या गेल्या आहेत. भक्ती तर मौनी दैवताचीही होते. लळ्याच्या क्रियेला मात्र दुसऱ्या जिवाची साक्ष लागते.

‘माया’ या शब्दाचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. घरात जो शब्द ऊब देतो, तोच वेदान्ताच्या आणि त्याच्या प्रभावाखालील भक्तीच्या भाषेत बंधनाचे नाव होतो. आजीची माया हवीशी, आणि मायेत गुंतणे मात्र साधकाला वर्ज्य. एकाच शब्दात दोन मूल्यव्यवस्था समोरासमोर उभ्या आहेत, आणि लिखित परंपरेत त्यांतली दुसरी वरचढ ठरली. ‘जिव्हाळा’ मात्र या द्वंद्वातून सुटला. ‘जिव्हाळी लागणे’ या प्रयोगात नखाखालच्या हुळहुळत्या जागेचा जो अनुभव आहे, तो या शब्दाच्या मुळाशी अजून जिवंत आहे. ज्याच्याविषयी जिव्हाळा वाटतो त्याचे दुखणे आपल्याला जिथे लागते, ती ही जागा.

संस्कृत साहित्यशास्त्रात स्नेहाला स्थान देण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. नवव्या शतकातील रुद्रटाने शृंगारादी रसांच्या जोडीला ‘प्रेयान्’ हा रस मानला आणि स्नेह हा त्याचा स्थायी भाव सांगितला. दोन मित्रांमधील निर्व्याज संबंध हे त्याचे क्षेत्र. ही व्यवस्था टिकली नाही. ‘अभिनवभारती’त अभिनवगुप्ताने स्नेहाचे स्वतंत्र रसत्व नाकारले. त्याचा युक्तिवाद असा की स्नेह ही एक आसक्ती आहे आणि तिचे पर्यवसान नेहमी दुसऱ्या कुठल्या तरी स्थायी भावात होते: बालकाचा मातापित्यांविषयीचा स्नेह भयात विसावतो, तरुणांचा मित्राविषयीचा रतीत, आणि लक्ष्मणाचा भावाविषयीचा धर्मवीरात. चौदाव्या शतकात विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त वत्सल रसाला मान्यता दिली आणि स्नेहाला एक कोपरा परत मिळवून दिला, पण तो कोपरा अपत्यादिकांपुरताच होता. पुढे सोळाव्या शतकात रूप गोस्वामींनी ‘उज्ज्वलनीलमणि’त प्रेमाच्या उत्तरोत्तर अवस्थांची जी श्रेणी मांडली, तीत चित्त द्रवविणारी एक पायरी म्हणून स्नेह येतो, शिखर महाभावाचे असते. म्हणजे एकाने स्नेहाला जागा दिली, दुसऱ्याने ती काढून घेतली, तिसऱ्याने ती आईच्या मांडीपुरती मर्यादित केली आणि चौथ्याने तिचा जिना केला.

मराठी संतकाव्याने हेच कार्य निराळ्या रीतीने, आणि अतुलनीय सामर्थ्याने, केले. विठ्ठलाला ‘माउली’ म्हणताना, जनाबाईसोबत त्याला दळणकांडणाला बसविताना भक्तीने स्नेहाची सारी भाषा आत्मसात केली. भक्ती त्यामुळे घरगुती झाली हा लाभ मोठाच होता. तथापि त्याचा एक परिणाम असा की स्नेहाचा शब्द उच्चारला की मराठी वाचकाला त्यामागे भक्ती दिसू लागली. विसाव्या शतकात मराठी टीकेत नव्या रसांची चर्चा झाली, क्रांतिरस आणि प्रक्षोभरस यांची मांडणी झाली. रुद्रटाचा प्रेयान् मात्र त्या चर्चेत पुन्हा उभा राहिला नाही.

३

या तीन भावांचा भेद युरोपीय विचारातही एका निर्णायक क्षणी मांडला गेला. देकार्तच्या १६४९ साली प्रसिद्ध झालेल्या मनोविकारविषयक ग्रंथातील त्र्याऐंशीवे कलम नेमके याच विषयावर आहे. त्याची कसोटी मूल्याची आहे. ज्या वस्तूला माणूस स्वतःहून कमी लेखतो तिच्याविषयी त्याला वाटतो तो साधा स्नेह. जिला स्वतःच्या बरोबरीची मानतो तिच्याविषयी मैत्री. आणि जिला स्वतःहून श्रेष्ठ मानतो तिच्याविषयी भक्ती. फूल, पक्षी, घोडा यांच्याविषयी स्नेह वाटू शकतो. मैत्री माणसांशीच होते. भक्तीचा प्रधान विषय ईश्वर, पण राजा, देश, नगर आणि एखादी थोर व्यक्तीही तिचा विषय होऊ शकते. प्रेम करणारा स्वतःला आणि प्रिय वस्तूला मिळून एक पूर्ण मानतो, आणि प्रसंग आला की त्या पूर्णातला कमी मोलाचा भाग सोडून देतो. म्हणून स्नेहात माणूस स्वतःला राखतो, आणि भक्तीत स्वतःचा प्राण द्यायलाही कचरत नाही.

ही कसोटी अत्यंत नेटकी आहे आणि भारतीय व्यवहारालाही ती परकी वाटत नाही. लहानांवर माया, समवयस्कांशी मैत्री, थोरांविषयी श्रद्धा ही उतरंड मराठी कुटुंबाच्या अंगवळणी पडलेली आहे. फरक इतकाच की देकार्तने तिला त्यागाचे गणित जोडले. हे गणित एकदा स्वीकारले की एक निष्कर्ष अटळ होतो: ज्याने दुसऱ्यासाठी स्वतःचे मोठे काही सोडले त्याचा भाव स्नेह असूच शकत नाही, ती भक्तीच असली पाहिजे. आणि जगाच्या दृष्टीने ‘कमी’ ठरलेल्या कुणासाठी ते सोडले असेल, तर त्याच्या आड एखादे श्रेष्ठ दैवत कल्पिणे भाग पडते: ईश्वर, मानवता, ध्येय, राष्ट्र. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गद्याचे वाचन नकळत याच गणिताने होत आले आहे. त्या संहिता मात्र हे गणित मान्य करीत नाहीत.

४

मुरलीधर देविदास आमटे (१९१४–२००८) यांच्या आयुष्यातील तुळशीराम या कुष्ठरोग्याचा प्रसंग महाराष्ट्राला परिचित आहे. पावसात गटाराशेजारी पडलेला तो जर्जर देह पाहून आमटे प्रथम घाबरले आणि तेथून निघून गेले. नंतर परत आले, त्याला आसरा दिला आणि अखेरपर्यंत त्याची शुश्रूषा केली. या प्रसंगाचा त्यांनी स्वतः लावलेला अर्थ भयाशी निगडित होता. जेथे भय आहे तेथे प्रेम राहू शकत नाही, म्हणून भयावर मात करणे हे पहिले काम, अशी ती धारणा होती. अभिनवगुप्ताच्या परिभाषेत हा भाव उत्साहात विसावतो. परंपरा त्याला दयावीर म्हणेल. कुष्ठरोग्यांसाठी वरोऱ्याजवळ १९५१ साली सुरू झालेल्या आनंदवनाच्या उभारणीमागे हा वीरभाव निःसंशय आहे. दान माणसाला मोडते आणि श्रम त्याला घडवितात या तत्त्वावर उभ्या राहिलेल्या या वसाहतीत करुणेलाही शिस्त होती.

पण त्या वसाहतीचा दुसरा इतिहास ‘समिधा’त येतो. साधनाताईंच्या आत्मकथनाचे शीर्षक यज्ञाचे आहे, म्हणजे भक्तीच्या आणि आत्मसमर्पणाच्या प्रतिमाविश्वातले आहे. मजकूर मात्र वारंवार या शीर्षकाच्या बाहेर पडतो. त्यात चूल आहे, गोठा आहे, आजारी माणसांचे जेवणखाण आहे, मुलांची आजारपणे आहेत, न संपणारे पाहुणे आहेत. विवाहापूर्वीचा जो प्रसंग सर्वांना ठाऊक आहे तो या दृष्टीने अर्थपूर्ण ठरतो. लग्नघरातील गडबडीतून गुपचूप बाजूला होऊन एका वृद्ध मोलकरणीला धुण्यात मदत करणारी मुलगी आमट्यांनी पाहिली, आणि तेथेच त्यांचा निश्चय झाला. १९४६ साली विवाह झाला. येथे प्रेमाचा उगम दुसऱ्याच्या स्नेहाच्या दर्शनात आहे. तो स्नेह ज्या म्हातारीकडे वळला होता ती त्या कथेतली नायिका नाही; तिच्यासाठी कोणी प्राण दिलेला नाही, तिची कोणी पूजाही केलेली नाही. तिच्या हातातले पिळे थोडे हलके झाले इतकेच. प्रेमाला प्रतिसाद हवा असतो, भक्तीला शरणागती हवी असते. स्नेहाला दुसऱ्याचा भार कमी झालेला पुरतो. आनंदवनाच्या कथनांत वीरभाव पुढे आणि हा भाव मागे राहिला, हे बऱ्याच अंशी कथनरूपाचे फलित आहे. वीराला प्रसंग लागतो, आणि प्रसंग सांगता येतो. स्नेहाला दिनक्रम लागतो, आणि दिनक्रम सांगायला शैली शोधावी लागते.

५

ही शैली हेमलकशात सापडली असे म्हणता येईल. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागड परिसरात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहू लागले. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांच्या या प्रदेशात पावसाळा सुरू झाला की बाहेरच्या जगाशी संबंध तुटत असे. माडिया भाषेला स्वतःची लिपी नव्हती आणि मराठीशी तिचे कुळाचे नाते नव्हते. ती द्राविड गटातली. डॉक्टर असूनही या दोघांना प्रथम ऐकायला आणि बोलायला शिकावे लागले. रुग्णाशी बोलता येण्याआधी रुग्ण येत नाही, आणि आल्यावर त्याच्यावर विश्वास टाकण्याची सक्ती करता येत नाही. १९७६ मध्ये शाळा सुरू झाली तेव्हाही हाच क्रम होता. विश्वास, भाषा, सहवास या तिन्ही गोष्टींना वेळ लागतो, आणि हा वेळ या लेखनाचा खरा विषय आहे.

प्रकल्पाच्या आरंभीच्या वर्षांतील एक घटना नंतरच्या अनेक लेखनांत सांगितली गेली आहे. शिकारीहून परतणाऱ्या माडियांच्या काठीला मेलेली माकडीण बांधलेली होती आणि तिचे जिवंत पिल्लू तिच्या छातीला बिलगून दूध शोधत होते. प्रकाश आमट्यांनी ते पिल्लू मागितले आणि बदल्यात धान्य दिले. पुढे हाच रिवाज झाला: शिकारीत अनाथ झालेली पिल्ले माडियांनी आणून द्यावीत आणि त्याच्या मोबदल्यात त्यांना धान्य मिळावे. त्या पिल्लाचे नाव बबली ठेवले गेले आणि प्रकल्पातल्या कुत्र्याशी तिची गट्टी जमली. या घटनेचे महत्त्व प्राणिप्रेमाच्या नेहमीच्या कथांहून वेगळे आहे. शिकारी क्रूर नव्हते, भुकेले होते. पिल्लाविषयीच्या मायेने माणसाच्या भुकेकडे पाठ फिरवली असती तर ती भावुकता ठरली असती. येथे माया धान्याच्या मापातून गेली. एका जिवाविषयीच्या स्नेहाला दुसऱ्या जिवाच्या गरजेचा हिशेब चुकवावा लागला, आणि तो चुकवल्यावरच तो टिकला.

विलास मनोहर यांच्या ‘नेगल’मध्ये हा स्नेह गद्याच्या शैलीत उतरला आहे. पुण्याहून येऊन हेमलकशाचे कार्यकर्ते झालेल्या या लेखकाने आपल्या पुस्तकाला एका बिबट्याचे नाव दिले. त्यातील प्राणी बोधकथेतले नाहीत. ते कशाचेही प्रतीक होत नाहीत. प्रत्येकाची सवय, खाणे, आजारपण, रुसवा यांचे तपशील तटस्थ नर्मविनोदाने येतात. निवेदक बिबट्याला माणसाळवून गोंडस करीत नाही. नख्या नख्याच राहतात, आणि स्नेह करणाऱ्याच्या अंगावर त्यांच्या खुणाही उमटतात. देकार्तच्या उतरंडीत पक्षी आणि घोडा खालच्या पायरीवर उभे होते, म्हणून त्यांच्याविषयी स्नेह शक्य होता. ‘नेगल’मधला बिबट्या कुठल्याच पायरीवर उभा नाही. तो लहान नाही, बरोबरीचा नाही, श्रेष्ठही नाही. तो वेगळा आहे. त्याच्यापुढे माणसाचे वर्चस्व टिकत नाही आणि शरणागतीही उपयोगाची नाही. उरते ते सावध सान्निध्य.

येथे स्नेहाची एक निराळी व्याख्या हाती येते. प्रेम दुसऱ्याला आपल्याशी जोडू पाहते, भक्ती स्वतःला दुसऱ्यात वितळवू पाहते. स्नेह दुसऱ्याचे दुसरेपण शाबूत ठेवून त्याच्या शेजारी राहतो. त्याचे माप दोघांच्या मोलातल्या अंतराने ठरत नाही. सहवासाच्या लांबीने आणि लक्ष देण्याच्या बारकाईने ठरते. संस्कृतात तेलालाही स्नेह म्हणतात, हे या संदर्भात सूचक आहे. तेल दोन भागांना चिकटवीत नाही. त्यांना एकमेकांशेजारी घर्षणाविना फिरू देते.

६

या व्याख्येला अरण्यप्रदेशातील लोकव्यवहारातही आधार आहे. राणी बंग यांच्या पुस्तकाचे शीर्षकच ‘गोईण’ आहे. स्त्रीने जोडलेल्या जिवाभावाच्या मैत्रिणीला या भागात गोईण म्हणतात. गडचिरोलीतील स्त्रिया आणि झाडे यांच्या संबंधाविषयीच्या या पुस्तकाने तो शब्द झाडाला लावला. इंद्रावतीच्या पलीकडे छत्तीसगडात ‘मितान’, ‘भोजली’, ‘गंगाजल’, ‘महाप्रसाद’ अशी विधिपूर्वक जोडलेली मैत्रीची नाती आहेत. जात आणि कुळ ओलांडून ती जोडली जातात आणि दोन्ही घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाळली जातात. रक्ताचे नाते नसताना, कामभाव नसताना, वडीलधारेपण नसताना एका माणसाने दुसऱ्याला आयुष्यभरासाठी आपले मानावे, याला येथे लोकमान्य संस्थेचे रूप आहे. रुद्रटाने ज्या रसाची कल्पना केली त्याचा स्थायी भाव या प्रदेशात शास्त्राविना जिवंत राहिला.

झाडाला गोईण म्हणण्यात मानवीकरणाचा अलंकार शोधणे चुकीचे ठरेल. झाड केव्हा फुलते, त्याची साल कोणत्या दुखण्यावर चालते, त्याचे फळ कोणत्या महिन्यात पोट भरते, हे ज्ञान त्या संबोधनात सामावलेले आहे. स्नेह येथे ज्ञानाचा एक प्रकार आहे. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेच्या कार्यातून याची दुसरी बाजू दिसते. नवजात बालकांची घरीच काळजी घेण्यासाठी गावातल्याच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत झालेल्या या प्रयोगाची ४७ गावांशी तुलना करण्यात आली. नवजात बालमृत्यूचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या गावांतील आयांमध्ये मायेचा तुटवडा कधीच नव्हता. बाळाचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो हे मोजून न्यूमोनिया ओळखण्याचे कौशल्य तेवढे नव्हते. आरोग्यदूताने ते मोजले. माया आणि मोजणी यांना परस्परविरोधी मानणाऱ्या रोमँटिक संवेदनेला हा इतिहास छेद देतो. ज्याच्याकडे लक्ष आहे त्याचेच श्वास मोजले जातात.

७

या साऱ्या मांडणीवर एक गंभीर आक्षेप संभवतो, आणि तो या प्रदेशातूनच आलेला आहे. स्नेहाला उतरंड नसते असे म्हटले तरी सत्ता असतेच. डॉक्टर आणि रुग्ण, शहरी आणि वनवासी, लेखक आणि लेखनविषय यांच्यात ती असते. मध्य भारतातील आदिवासींविषयी ज्याने अपार जिव्हाळ्याने लिहिले त्या व्हेरिअर एल्विननेच ‘द बैगा’ (१९३९) या ग्रंथात त्यांच्यासाठी एक प्रकारच्या राखीव उद्यानाची कल्पना मांडली होती. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ मध्ये या संरक्षक दृष्टीवर कठोर टीका केली. घुर्यांचे आदिवासींना मागासलेले हिंदू ठरविणारे उत्तर स्वीकारार्ह नसले तरी त्यांचा प्रश्न टाळता येत नाही: दुसऱ्याचे वेगळेपण जपण्याचा अधिकार स्नेह करणाऱ्याला कोणी दिला?

१९७९ साली चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीला पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले, तेव्हा या प्रश्नाला स्वतःचा आवाज मिळाला. विनायक तुमराम यांच्या ‘गोंडवन पेटले आहे’ या संग्रहाच्या शीर्षकातच मायेच्या छायेत राहण्याचा नकार आहे. खानदेशातील वाहरू सोनवणे यांच्या ‘स्टेज’ या प्रसिद्ध कवितेचा रोख, आदिवासींचे दुःख त्यांनाच व्यासपीठावरून सांगणाऱ्यांवर आहे. या कवितांना स्नेह नको आहे. हक्क हवा आहे, आणि त्याहीपेक्षा बोलण्याची जागा हवी आहे. विलास मनोहर यांच्या ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ (१९९२) या कादंबरीने हे आव्हान आतून ओळखले होते. ‘नेगल’च्या लेखकानेच जंगल खाते, व्यापारी आणि पोलीस यांच्या चक्रात सापडलेल्या माडिया तरुणाचे बंदुकीपर्यंत पोहोचणे चितारले. या कादंबरीतील निवेदन नायकावर माया पाखडत नाही. त्याच्या निर्णयाची कारणे समजून घेते आणि तो निर्णय त्याचाच राहू देते.

या आक्षेपातून स्नेहाची मर्यादा स्पष्ट होते, तशीच त्याची कसोटीही. लळा लावणाऱ्याने दुसऱ्याला सदैव लहान ठेवले तर त्या लळ्याचे लाडात रूपांतर होते, आणि लाड हा सत्तेचा सौम्य प्रकार आहे. स्नेह हक्काची जागा घेऊ शकत नाही. परंतु ज्याला दुसऱ्याचे दुसरेपण मान्य आहे, तो स्नेह हक्काच्या भाषेला विरोधही करीत नाही. दुसरा जेव्हा स्वतः बोलू लागतो तेव्हा तो गप्प बसून ऐकतो. भक्तीला हे जमत नाही, कारण तिचे लक्ष आधीच अन्यत्र, श्रेष्ठाकडे लागलेले असते.

८

आता या संहितांच्या वाचनाच्या इतिहासाकडे परतता येईल. १९८५ मध्ये बाबा आमटे यांना आणि २००८ मध्ये प्रकाश व मंदाकिनी आमटे यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००९ मध्ये ‘प्रकाशवाटा’ प्रसिद्ध झाले. २०१४ मध्ये याच जीवनावरचा मराठी चित्रपट आला आणि त्याच्या शीर्षकातच ‘द रिअल हीरो’ ही शब्दयोजना होती. चरित्रनायक, वीर, संत, तपस्वी हा क्रम मराठी वाचकाच्या हाताशी तयारच होता. हेमलकशाची सहल ही तीर्थयात्रेसारखी, पुस्तकाचे वाचन पारायणासारखे आणि परीक्षण स्तोत्रासारखे होत गेले. ‘प्रकाशवाटा’चे निवेदन साधे, काहीसे संकोची, स्वतःविषयी कमीत कमी बोलणारे असताना हे घडले, ही बाब विशेष लक्षणीय आहे.

या वाचनाची फार मोठी किंमत पडली. भक्ती भक्त आणि देव या दोघांनाच ओळखते. वाचक भक्त झाला आणि डॉक्टर देव झाला, तेव्हा त्या संहितांतला तिसरा पक्ष अदृश्य झाला. धान्य घेऊन पिल्लू देणारा भुकेला शिकारी, धुणे पिळणारी म्हातारी, श्वास मोजायला शिकलेली गावातली बाई, नख्या न गमावलेला बिबट्या हे सारे भक्तीच्या चौकटीत नायकाची महती सिद्ध करणारे पुरावे तेवढे उरतात. स्नेहाच्या चौकटीत त्यांच्याविना वाक्यच पूर्ण होत नाही; कारण लळा लागल्याची साक्ष त्यांच्याकडे आहे. भक्तीच्या वाचनाचा दुसरा परिणाम वाचकावर होतो. देवासारखे वागणे माणसाला शक्य नसते, म्हणून नमस्कार करून तो मोकळा होतो. स्नेह मात्र कोणालाही शक्य असतो, आणि म्हणून त्याची मागणी टाळणे कठीण जाते. ज्यांनी या लेखनाला देवघरात ठेवले त्यांनी स्वतःची सोयही केली, असे म्हणणे अन्यायाचे ठरणार नाही.

मराठी टीकेपुढचे काम यातून निश्चित होते. स्नेहाला आणखी एक रस म्हणून यादीत घालण्याने फारसे साधणार नाही. अभिनवगुप्ताचा आक्षेप त्या यादीपुरता अजूनही बळकट आहे. स्नेह खरोखरच सहज दुसऱ्या भावांत विसावतो. पण विसावण्यापूर्वीचा जो दीर्घ काळ तो दिनक्रमात, लक्ष देण्यात, भाषा शिकण्यात आणि मोजण्यात काढतो, त्या काळाचे गद्य या दोन जिल्ह्यांनी मराठीला दिले आहे. त्या गद्याची वाक्यरचना, त्याचा संकोच, त्याचा विनोद आणि त्यात दुसऱ्याला मिळालेली जागा यांचे विश्लेषण अद्याप व्हावयाचे आहे. ते करताना पहिला प्रश्न या पुस्तकांचा नायक किती थोर आहे हा असू नये. त्यांत कोणाला कोणाचा लळा लागला आणि तो लागल्यावर दोघेही किती स्वतंत्र राहिले, हा असावा.